नव्या पानांचा चहा

माझी धाकटी जाऊ यान-रू वाईट बाई आहे, असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं. पण ती वाईट नाही. सगळी पंचाईत इथेच आहे. वाईट माणसाचा राग उघडपणे करता येतो, गल्लीतल्या चार बायका आपल्या बाजूनं होतात. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे एकटीनंच जळावं लागतं, आणि तेही तोंडावर हसू ठेवून. मी ते वीसेक वर्षं केलं आहे. आता मी त्यात तरबेज आहे.

आमचं घर चाओझोऊमध्ये, कमानींच्या रस्त्यामागच्या गल्लीत. दारातून आत आलं की अंगण, अंगणात लोंगानचं झाड आणि झाडाखाली चहाचं मेज. मेजावर भोकांचा ट्रे, मुठीत मावेल एवढी लाल मातीची किटली आणि तीन कप. माणसं दोन असोत नाहीतर सात, कप तीनच. पहिले तिघं पितात, कप उकळत्या पाण्यानं धुतले जातात, मग पुढचे तिघं. ओतणारा दाराकडे तोंड करून बसतो आणि सगळ्यांच्या शेवटी पितो. येणारा-जाणारा आधी त्याला हाक मारतो. सासरे होते तोवर ते ओतायचे. ते गेल्यावर सासूबाई ओतू लागल्या, ज्यांना सगळी गल्ली आ-मा म्हणते. किटली ज्याच्या हातात त्याचं घर, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

मी थोरली सून. आ-मानंतर किटली माझ्याकडे येणार, याबद्दल मला लग्न झालं त्या दिवसापासून शंका नव्हती. शंका यान-रूनं आणली.

माझा धाकटा दीर चिनीमातीची बेसिनं विकायला उत्तरेला गेला होता. बेसिनं विकली की नाही देव जाणे, येताना बायको घेऊन आला. हार्बिनच्याही पलीकडच्या कुठल्याशा गावची. दारात वाकून आत यावं लागेल इतकी उंच, आणि आवाज असा की शेजारच्या घरातली मांजर उठून बसली. तिला मेजाशी बसवलं. आ-मानं तीन कप ओतले. रीत अशी की आधी वडीलधाऱ्यांना 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करायचं. हिनं सरळ हात घातला, जवळचा कप उचलला, एका घोटात रिकामा केला आणि म्हणाली, "छान आहे. हा चाखायला दिला ना? चहा कधी येणार?"

तिच्या गावी म्हणे काचेच्या मोठ्या बरणीत पानं टाकून गरम पाणी ओततात आणि ती बरणी दिवसभर काखेत घेऊन हिंडतात. बोक-चेक त्या दिवशी मेजाशी होते. हे आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडावर नक्षी कोरतात आणि रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात. हसता हसता त्यांच्या नाकातून चहा आला. त्यांनी तिथल्या तिथे तिचं नाव 'बरणी' ठेवलं. आणि आ-मा, जिनं सुनेसमोर कधी दात दाखवले नव्हते, ती तोंडावर हात ठेवून अशी हसली की तिचे खांदे हलत होते.

मी नवी नवरी म्हणून त्याच मेजावर चहा ओतला होता. कप आधी गरम केले, पहिलं पाणी टाकून दिलं, मग किटली गोल गोल फिरवत तिन्ही कपांत सारख्याच रंगाचा चहा उतरवला. बाहेर थेंब सांडला नाही. सासऱ्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "हं." त्या 'हं'वर मी कितीतरी दिवस खुश होते. यान-रू आली तेव्हा मला कळलं की तो नुसता 'हं' होता.

चुका तिनं काही कमी केल्या नाहीत. होडीवाल्यांच्या घरी जेवायला गेलो, तर ताटातला मासा वरून खाऊन झाल्यावर तिनं काड्यांनी उचलून उलटा केला. मासा उलटला की होडी उलटते असं ते लोक मानतात. घरधनीण पांढरी पडली. पण सर्वांत मोठी चूक माझ्या वडिलांच्या वेळची. बाबा माहेरून संत्र्यांची करंडी घेऊन मला भेटायला आले. आ-मा देवळात गेली होती, मी बाजारात. घरी एकटी यान-रू. तिनं मोठ्या प्रेमानं त्यांना चहा ओतला, अगदी काठोकाठ, वर थोडा फुगवटा येईपर्यंत. पाहुण्याला कमी कशाला द्यायचं, असा तिचा विचार. आमच्याकडे भरलेला कप पुढे केला म्हणजे 'आता निघा'. बाबा उठले. टोपी घातली आणि चालू लागले.

मी परत आले तेव्हा बाबा मेजाशी बसून हसत होते. झालं असं, की ते गेल्यावर शेजारणीनं यान-रूला तिची चूक समजावली, तशी ही बया करंडी उचलून बस स्टँडपर्यंत धावली. भर रस्त्यात रडत, उत्तरेकडच्या बोलीत ओरडत तिनं बाबांचा दंड धरला आणि त्यांना ओढत परत आणलं. सगळा बाजार बघत होता. त्या दिवसापासून बाबांचा फोन आला की पहिला प्रश्न, "ती उंच पोरगी कशी आहे?" मग म्हणायचे, "आणि तू बरी आहेस ना?" ते जाईपर्यंत हाच क्रम होता. माझे वडील होते ते, माझे.

मी कधीच चुकले नाही. कुणाच्या लक्षात आलं? जो चुकत नाही त्याच्याकडे कोण बघतं?

पुढे धाकटा गेला. पोटाच्या दुखण्यानं, बघता बघता. यान-रू विधवा झाली तेव्हा मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. तिला एक मुलगी, ती क्वांगचौला शिकायला गेलेली. गल्लीला वाटलं ही आता आपल्या गावी जाईल. तिनं वरच्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांपैकी एक झाडून काढली, नव्या चादरी घातल्या आणि प्रवाशांना राहायला द्यायला सुरुवात केली. वाईट वाटायचं ते तिथेच संपलं.

कारण आता दर आठवड्याला नवीन माणसं आणि अंगणात रोज तिचं कीर्तन. बीजिंगहून आलेले असोत की सातासमुद्रापारचे, आमच्या रिवाजांत सगळे सारखेच अडाणी. एकदा हेल्गा नावाची एक जर्मन बाई आली होती, शाळेत शिकवणारी. तिला आमची भाषा मोडकीतोडकी येत होती. मी स्वयंपाकघरात मोहरीच्या पाल्याचं लोणचं चिरत होते आणि खिडकीतून यान-रूचा आवाज येत होता.

"पहिली गोष्ट, थंड पाणी मागू नका. खोलीत थर्मास आहे, त्यात गरम पाणी. सर्दी झाली, पोट दुखलं, नवरा सोडून गेला, आमच्याकडे औषध एकच. गरम पाणी प्या."

हेल्गा हसली.

"दुपारी जेवणानंतर कुणाचं दार वाजवू नका, सगळी गल्ली झोपलेली असते. काही देताना-घेताना दोन्ही हात पुढे. भेट दिलीत आणि समोरच्यानं ती न उघडताच बाजूला ठेवली, तर मनाला लावून घेऊ नका, तुमच्यासमोर उघडणं हावरटपणाचं दिसतं. वय किती, पगार किती, मूलबाळ का नाही, असं लोक विचारतील."

"अनोळखी लोकसुद्धा?"

"अनोळखीच जास्त. ती चौकशी नाही हो, माया आहे. आणि वाडगा चाटूनपुसून साफ केलात तर आ-मा परत वाढणार. पोट भरलं असेल तर दोन घास ठेवा. जायला निघालात की आम्ही म्हणणार, राहा ना अजून. पहिल्यांदा म्हटलं तर ते नुसतं म्हणणं असतं. तीनदा म्हटलं तर खरं."

"चहा दिला की आभार कसे मानायचे?"

"दोन बोटांनी मेजावर टकटक. पण ते पाहुण्यांनी. मी पहिल्या वर्षी घरातही टकटक करायचे, तर सासूबाई म्हणाल्या, कुणी घरात सुतारपक्षी पाळलाय का?" आ-मा शेजारी बसून खुदखुदत होती, ते मला ऐकू आलं. "आणि हे बघा, तुम्ही आलात तेव्हा किटलीतली पानं फेकून नवी घातली की नाही? पाहुणा आला की पानं बदलतात. नाही बदलली तर समजायचं, आपण नको आहोत."

"आणि घरचं माणूस आलं तर?"

"घरच्या माणसाला किटलीत असेल ते."

नंतर हेल्गा माझ्याकडे स्वयंपाकघरात आली आणि तिनं विचारलं, कप तीनच का?

"तीनच असतात," मी म्हटलं.

ती वाट बघत राहिली.

"पूर्वीपासून," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं यान-रूचा आवाज आला, "कप कमी आहेत म्हणून तर माणसं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणतात. चार कप ठेवले असते तर कोण कुणाकडे बघणार होतं?" आणि हेल्गानं टाळी वाजवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिवाज माझ्या घरचे, माझ्या गावचे, आणि ते सांगतंय कोण? जिनं माझ्या बापाला दाराबाहेर काढलं होतं ती. आणि सांगत होती ते खरं होतं, हे तर आणखीच झोंबलं.

मग आ-माचे हात थरथरायला लागले. आधी कपाबाहेर थेंब, मग मेजावर ओघळ. एका सकाळी उकळतं पाणी तिच्याच मनगटावर सांडलं. बर्फ लावता लावता ती म्हणाली, "चंद्राचा सण होऊ दे. मग किटली देऊन टाकते."

कुणाला, ते नाही म्हणाली.

सणापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पहाटे उठून डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी आणायचे. कोळसा ऑलिव्हच्या बियांचा, धूर नसलेला. कप असे घासायचे की प्रकाश आरपार दिसावा. यान-रू मात्र नेहमीसारखी उशिरा, न विंचरलेल्या केसांनी जिना उतरून यायची आणि आ-माशेजारच्या स्टुलावर बसायची. आणि आ-मा म्हणायची, "यान-रू, जरा धर गं," की ही तिच्या हाताखाली आपला हात धरणार आणि दोघी मिळून ओतणार. ती शेजारी बसते म्हणून तिला सांगितलं, असं मी स्वतःला समजावत होते. मग मी एक दिवस शेजारी बसून पाहिलं. आ-मानं माझ्यावरून मान वळवून तिलाच हाक मारली.

सणाच्या चार दिवस आधी उत्तरेकडून फोन आला. यान-रूच्या आईनं अंथरूण धरलं होतं. दुसऱ्या दिवशी यान-रू एक पिशवी घेऊन निघाली. आ-माच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली तेव्हा तिला कमरेत वाकावं लागलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आ-सो, आ-माला दूध घालून पेज देऊ नकोस, तिला आवडत नाही, सांगत नाही." थोरल्या वहिनीला आमच्याकडे आ-सो म्हणतात. दुधाच्या पेजेचं मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, ते तिनं मला जाता जाता सांगितलं.

पुढच्या सकाळी आ-मानं सणाचीही वाट पाहिली नाही. किटली माझ्यापुढे सरकवली.

"घे. आता तूच आहेस."

एवढंच. ही तुझीच होती असं नाही. आता तूच आहेस. मी किटली दोन्ही हातांनी घेतली आणि दाराकडे तोंड करून बसले. जिच्यासाठी जन्मभर थांबले ती जागा मला मिळाली, आणि ती माझी म्हणून मिळाली की दुसरी कुणी उरली नाही म्हणून मिळाली, हे विचारायची सोय नव्हती.

वर्ष उलटून गेलं. मी चहा ओतत होते. बोक-चेक यायचे, दोन कप घ्यायचे आणि विचारायचे, "बरणीची काही खबर?" आ-मा माझ्याकडे पाठ करून दाराकडे बघत बसायची. एकदा बोक-चेक म्हणाले, "सोक-तिन, तुझा चहा म्हणजे एकदम बिनचूक." दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस डॉक्टरबद्दल म्हणतो तसं ते म्हणाले. प्रवासी यायचे बंद झाले. आमचे हे म्हणाले, वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत, मालाची खोकी ठेवू का? मी नको म्हटलं नाही.

नवं वर्ष दोन आठवड्यांवर आलं होतं. सकाळची वेळ, त्याच पानांवर तिसऱ्यांदा पाणी ओतलेलं, तिसरा उतारा चालला होता. मेजाशी आ-मा, बोक-चेक आणि मी. दार वाजलं आणि यान-रू वाकून आत आली. वाळली होती. बाहीला आईच्या सुतकाची काळी पट्टी. हातात तीच पिशवी.

"आली, बरणी आली!" बोक-चेक ओरडले.

आ-मा उठून उभी राहिली, तिला धड उभंही राहवत नव्हतं. यान-रूनं तिला धरून बसवलं आणि आपल्या जुन्या स्टुलावर बसली. जणू भाजी आणायला जाऊन आली होती. बसता बसताच तिचा हात मेजावरच्या कपाकडे गेला, जवळच्या कपाकडे, पहिल्या दिवशी गेला होता तसा.

मी किटली उचलली.

झाकण काढलं आणि आतली पानं ताटलीत उलटी केली. तिसऱ्याच उताऱ्याची होती, अजून दोन-तीनदा रंग आला असता. उठून आत गेले आणि नव्या वर्षासाठी जपून ठेवलेला, फिनिक्स डोंगरावरच्या चहाचा पुडा घेऊन आले. सगळ्यांसमोर फोडला. नवी पानं घातली, पाणी ओतलं, पहिलं पाणी कपांवर ओतलं, तिन्ही कप त्या पाण्यात एकमेकांवर फिरवून धुतले आणि ते पाणी फेकून दिलं. बोटं भाजत होती, पण मी घाई केली नाही. मग ओतलं, काठाच्या जरा खाली, तिन्हीत एकच रंग. पहिला कप दोन्ही हातांनी यान-रूसमोर ठेवला.

"घ्या," मी म्हटलं. 'घे' नाही म्हटलं.

मी काही वाईट केलं का? कुणीही येऊन बघावं. गल्लीतल्या कुठल्याही बाईनं म्हटलं असतं, जावेनं जावेचा असा मान ठेवलेला पाहिला नाही. बोक-चेक म्हणालेच, "वा, सोक-तिन! नव्या वर्षाचा पुडा फोडलास!"

पण यान-रूचा पुढे आलेला हात परत मांडीवर गेला होता. तिनं ताटलीतल्या टाकलेल्या पानांकडे पाहिलं. मग कप दोन्ही हातांनी उचलला आणि तीन घोटांत प्यायली, ती प्रवाशांना शिकवायची तसा. कप ठेवला आणि दोन बोटांनी मेजावर टकटक केलं.

आ-मानं आपल्या कपाला हातही लावला नाही. "मला नको," म्हणाली आणि भिंत धरत आत गेली.

मी जिंकले होते. आणि चहा खरोखर उत्तम झाला होता.

दुपारी गल्ली झोपली. मी स्वयंपाकघरात मुळे किसत होते, तेव्हा यान-रू जिना उतरून आली. खोकी पाहून आली होती.

"आ-सो, खोकी राहू देत," ती म्हणाली. "परवा मुलीकडे जाते. तिच्या खोलीत आणखी दोन मुली आहेत, पण एक पथारी मावेल."

"एवढ्यात कशाला? राहा ना अजून," मी म्हटलं. म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

ती हसली. "हे पहिलं. अजून दोनदा म्हण."

मी मुळा किसत राहिले.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तुला एक गंमत सांगू? आमच्या उत्तरेत माणूस घरी आलं की शेवया करतात आणि निघालं की करंज्या, सारण भरून उकडलेल्या. हे काही कुणी समजावत नाही, पोरासोरांनाही ठाऊक असतं. आईचे दिवस झाले. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर भावजय चुलीपाशी, आणि पातेल्यात करंज्या. मी म्हटलं, कोण निघालंय? तिनं माझ्यापुढे वाडगा ठेवला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला."

"खाल्ल्यास?"

"खाल्ल्या ना. सुरेख होत्या. एकही फुटली नव्हती." तिनं बाहीवरची काळी पट्टी सारखी केली. "मग म्हटलं, ठीक आहे, हे आईचं घर होतं, आई गेली. आपलं घर तिकडे खाली आहे. दोन दिवस गाडीत बसून आले. आणि तू तो पुडा फोडलास."

"मग काय उतरलेल्या पानांचा द्यायचा होता? लोक काय म्हणाले असते?"

"हो," ती म्हणाली. "उतरलेल्या पानांचाच द्यायचा होता."

माझा संयम सुटला. किसणी टाकली.

"तुला काय कमी होतं गं इथे? चुकलीस तरी कौतुक, सांडलंस तरी कौतुक! आ-मा तुझ्याकडे बघून हसते. बोक-चेक तुझंच नाव घेतात. माझा बाप, माझा स्वतःचा बाप, आधी तुझी चौकशी करायचा. मी या घरात काय केलं नाही? मला कुणी एकदा तरी लाडाचं नाव ठेवलं? मला कुणी एकदा तरी विचारलं?"

यान-रू माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्याचासुद्धा मला राग आला.

"तुला याचा हेवा वाटायचा?" ती हळू म्हणाली. "आ-सो, लोक इतकी वर्षं मला हसताहेत. चुकले तेव्हा हसले. बरोबर केलं तेव्हाही हसले, म्हणाले, बघा, बरणीला जमलं! अजून मी कप उचलला की बोक-चेक माझ्या हाताकडे बघतात, आता काय करते म्हणून. तुझ्या हाताकडे बघतं का कुणी? तू बसलीस की बसलीस. घरचंच माणूस बसलंय. तसं बसता यावं म्हणून मी वर दार लावून रिकाम्या किटलीनं ओतायचा सराव करायचे, तुझ्यासारखा. नाही जमलं कधी. मग प्रवाशांना माझ्याच चुका सांगत बसायचे. तेवढं एक जमत होतं."

मी किसणी उचलली आणि पुन्हा मुळा किसायला लागले. तिला वाटलं मी रागावले. ती वर गेली, आणि थोड्या वेळानं वरून पिशवीची चेन लावल्याचा आवाज आला. मला जवळ घेऊन तिचे डोळे पुसावेत असं वाटलं का? नाही. मला वाटलं, हेही हिनंच आधी बोलायचं होतं. जळायचा हक्कसुद्धा माझ्या एकटीचा राहिला नाही.

दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखी दाराकडे तोंड करून बसले. आ-मा आली, पण खुर्ची वळवून बसली. बोक-चेक आले. एक उतारा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. पानं थकली. चौथ्याला रंग वाळक्या गवतासारखा आला. तेव्हा यान-रू जिन्यावर दिसली, नेहमीसारखी उशिरा. पण केस विंचरलेले. आणि ती खाली येऊन स्टुलावर बसली नाही. शेवटच्या पायरीवर थांबली. पाहुणा थांबतो तशी, या म्हटल्याशिवाय पुढे न येता.

माझा हात डब्याकडे गेला. कालचा फोडलेला पुडा वरच होता. अजून एकदा पानं बदलली असती की काम झालं असतं. किटली माझी, जागा माझी, दारातून येणारी प्रत्येक हाक माझी. उद्या ती गेली असती आणि जाताना मी तिच्या पिशवीत संत्र्यांची जोडी घातली असती, पाहुण्याला घालतात तशी.

डबा मी परत ढकलला.

"उभी काय राहिलीस?" मी म्हटलं. "बस."

ती आली. बोक-चेक प्यायले होते तोच कप मी नुसता विसळला आणि किटलीत उरलेला चौथा उतारा त्यात ओतला. एका हातानं तिच्यापुढे सरकवला.

"अगं सोक-तिन," बोक-चेक दचकून म्हणाले, "पानं नाही बदलली..."

"बोक-चेक, तुम्ही तुमचं बघा."

आ-मानं खुर्ची फिरवली. यान-रू त्या फिक्या चहाकडे बघत होती. इतका वेळ, की मला वाटलं आता ही इथेच रडते की काय. मग तिनं कप उचलला, एका हातानं, आणि एका घोटात रिकामा केला. मेजावर टकटक केलं नाही.

"पाणचट आहे," ती म्हणाली. "चहा कधी येणार?"

या वेळी आधी ती हसली. मग बोक-चेक. आणि आ-मा, जिचं तोंड सव्वा वर्ष मिटलेलं होतं, ती तोंडावर हात ठेवून अशी हसायला लागली की खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तिनं यान-रूचा हात धरला, तिचाच धरला. किटली माझ्या हातात होती, ओतणारी मी होते, आणि तिघंही बघत होते तिच्याकडे.

माझं जुनं जळणं पुन्हा सुरू झालं. मी किटलीत आणखी एकदा गरम पाणी ओतलं आणि बसल्या जागेवरून आत ओरडून सांगितलं, "अहो, ऐकलंत का? वरची खोकी आजच्या आज खाली आणा!"